गुलाबाला फळं धरली आहेत, बिया कशा तयार करू?

कुंडीवाली | १८ मे, सकाळी ९:४०

फेब्रुवारीत लेकीकडे बंगळुरूला गेले ती परवा परतले. शेजारच्या काकूंनी कुंड्यांना पाणी घातलं, पण सुकलेली फुलं कुणी खुडली नाहीत. परिणाम असा की माझ्या लाल गुलाबावर लहान टोमॅटोसारखी चार नारिंगी फळं लटकली आहेत. आमचे हे म्हणाले, "कोशिंबीर करायची का?"

हा गुलाब मखमली गडद लाल आहे आणि त्याला खराखुरा वास आहे. नर्सरीतून आणला तेव्हा जातीची चिठ्ठी होती, ती कधीच हरवली. मला तीन बहिणी. तिघींना याचंच रोप हवंय. वाटलं, बिया आयत्याच मिळाल्या आहेत तर त्यातून रोपं करावीत. फळ कधी तोडायचं, बी कशी काढायची, थेट मातीत टाकली तर चालेल का? पुण्यात आहे, बाल्कनीला सकाळचं ऊन.

अर्धाकप | १८ मे, सकाळी १०:०२

गुलाबाला फळ येतं???? वय वर्षे ४३, आज कळलं. बसलोय चहा घेऊन.

माळीबुवा | १८ मे, दुपारी १:१५

ताई, आधी वाईट बातमी. बियांतून तुम्हाला 'हाच' गुलाब मिळणार नाही. नर्सरीतले बहुतेक गुलाब संकरित असतात, त्यांच्या मागे दहा-बारा पिढ्यांची सरमिसळ असते. बी पेरली की पत्ते पुन्हा पिसले जातात. लाल आईच्या पोटी गुलाबी, पांढरट, पाचच पाकळ्यांचं, बिनवासाचं, काहीही येऊ शकतं. आंब्याची कोय लावली तर हापूस मिळेलच असं नाही, तसंच हे.

बहिणींना हाच द्यायचा असेल तर काडी लावा किंवा डोळा भरून घ्या (म्हणजे फांदीवरचा अंकुर, 'डोळा', दुसऱ्या गुलाबाच्या सालीत बसवून कलम करायचं). बियांचा नाद सोडा.

शेवंती | १८ मे, दुपारी १:५०

माळीबुवा, "नाद सोडा" का म्हणून? जगातला प्रत्येक नामांकित गुलाब कधीतरी कुणाच्या तरी कुंडीत बी म्हणूनच उगवलाय ना. 'पीस' गुलाबाचंच घ्या. फ्रान्समध्ये फ्रान्सिस मेयाँने १९३५ मध्ये संकर केला, रोपांतून एक निवडलं. महायुद्ध पेटलं, जर्मन येण्याआधी त्याचे डोळे परदेशी रवाना झाले आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ ला त्याचं 'पीस' असं बारसं झालं. त्यांनी नाद सोडला असता तर?

माळीबुवा | १८ मे, दुपारी २:०५

मेयाँकडे शेत होतं, ताईंकडे बाल्कनी आहे. पण ठीक, हौसेला मोल नाही. दोन्ही करा: काडी बहिणींसाठी, बी स्वतःसाठी.

एक मात्र तपासा. फळं कुठल्या फांदीवर आहेत? कलमाचा जोड बुंध्याशी गाठीसारखा दिसतो. फांदी त्याच्या खालून आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या रानगुलाबाची. पान बारीक, एकेका पानाला सात पर्णिका (एकाच देठावरची छोटी पानं), फुलं झुपक्यात असं असेल तर तुम्ही खुंटाच्या बिया गोळा करताय.

सह्यकडा | १८ मे, दुपारी ३:३०

माळीबुवांनी माझ्या जखमेवर बोट ठेवलं. मी दोन वर्षं 'स्वतः बीपासून वाढवलेला गुलाब' म्हणून ऑफिसात फोटो दाखवत होतो. वेल भिंतीवर चढला, वर्षातून एकदा झुपकेच्या झुपके पांढरी फुलं. एका जाणकाराने बघून सांगितलं, हा तर खुंट. मूळ गुलाब कधीच मेला होता, खालून फुटलेल्यालाच मी खतपाणी घालत होतो आणि फळंही त्याचीच तोडली होती. फोटो अजून मोबाइलमध्ये आहेत, दाखवत नाही कुणाला.

कुंडीवाली | १८ मे, सायंकाळी ५:१०

बघून आले. चारही फळं वरच्याच फांद्यांवर आहेत, पान पाच पर्णिकांचं. जीव भांड्यात पडला.

हाच गुलाब येणार नाही हे वाचून जरा हिरमोड झाला खरा. पण आता फळं हातात आहेत तर करून बघणारच. सांगा कसं ते.

डोळस | १८ मे, रात्री ९:२५

मी सहा-सात वर्षं हा उद्योग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परागीकरणापासून फळ पिकायला साडेतीन ते चार महिने लागतात. हिरवं तोडू नका, आतली बी कच्ची राहते. पूर्ण नारिंगी किंवा लाल झालं, देठाशी पिवळेपणा आला की तोडा. सुकून काळं पडेपर्यंतही थांबू नका. तुमची जानेवारीची फुलं धरली तर आता वेळ झालीच आहे.

फळ सुरीने आडवं अर्धवट कापा. अगदी मधोमध जोर देऊन कापलंत तर बियाही कापल्या जातात, म्हणून कडेने चीर देऊन हाताने पिळून उघडा. आत केसाळ लव असते, ती कातडीला खाजते. हातमोजे घाला, निदान नंतर डोळे चोळू नका. एका फळात पाच बिया निघतात, कधी तीसही.

मग बिया चहाच्या गाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. गर अजिबात राहता कामा नये. गरात आणि बीच्या सालीत उगवण रोखणारं द्रव्य असतं, शिवाय राहिलेल्या गरावर बुरशी हमखास येते. धुतल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवा. मेडिकलमध्ये बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के झालं. अर्धा-एक तास पुरे, नंतर पुन्हा साधं पाणी.

आणि थेट मातीत टाकू नका. गुलाब मुळात थंड मुलखातला. त्याच्या बीला वाटतं, अजून हिवाळा गेला नाही, आत्ता उगवलो तर बर्फात मरू. तो हिवाळा आपण फ्रिजमध्ये दाखवायचा. ओलसर टिश्यू पेपरमध्ये किंवा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) बिया गुंडाळून, झिपच्या पिशवीत, ४ अंशाच्या आसपास, आठ ते बारा आठवडे. फ्रीझर नव्हे! माझी पहिली खेप फ्रीझरमध्ये गेली आणि सगळी मेली.

नागपुरी_तडका | १८ मे, रात्री १०:४०

४ अंश म्हणे! आमच्याकडे मे महिन्यात फ्रिजलाच घाम येतो बाप्पा. दार उघडून उभं राहिलं तर घरचे म्हणतात, "तुझ्यासाठी कूलर आहे, हा दह्यासाठी आहे."

पाटलांचा_पोरगा | १८ मे, रात्री ११:१५

मावळात आमचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. वर्षाला लाखभर काड्या कापतो पण बी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. आमचं फूल उमलायच्या आधीच, कळी घट्ट असताना कापलं जातं. शेडमध्ये फळ दिसलं म्हणजे कापणी चुकली, मजुराला बोलणी. आमची रोपं सगळी नटाल ब्रायर खुंटावर डोळा भरलेली येतात. पण हे वाचून एक फांदी मुद्दाम सोडणार आता. आबांना सांगू नका.

शेवंती | १९ मे, सकाळी ८:३०

डोळस, पेरायचं कधी ते राहिलं. आता मे चालू आहे. आत्ताच ओलं करून फ्रिजमध्ये घातलं तर बारा आठवड्यांनी ऑगस्ट उजाडेल, म्हणजे धो धो पाऊस आणि दमट उकाडा. गुलाबाच्या बीला उगवायला १५ ते २० अंश मानवतं. जास्त उकडलं तर ती पुन्हा झोपी जाते. मी एकदा घाई केली होती. चाळीस बियांतून एक रोप आलं, तेही गोगलगायीने खाल्लं.

माझा हिशेब: बिया आता धुऊन, सावलीत दोन दिवस सुकवून, छोट्या डबीत घालून फ्रिजमध्ये. ऑगस्टच्या शेवटी ओल्या करून पुन्हा फ्रिजमध्ये. दिवाळीच्या सुमारास पेरणी. पुढे तीन महिने थंडीचे मिळतात.

डोळस | १९ मे, सकाळी ९:००

पेरणी दिवाळीला, मान्य. सुकवणं अमान्य. सुकली की साल आणखी कडक होते. मी फळं न फोडता भाजीच्या कप्प्यात ठेवतो आणि ऑगस्टमध्ये फोडतो.

शेवंती | १९ मे, सकाळी ९:२०

आणि तुमची निम्मी फळं कुजतात, हे तुम्हीच गेल्या वर्षी लिहिलं होतंत :)

डोळस | १९ मे, सकाळी ९:२२

निम्मी नाही. तीन.

शेवंती | १९ मे, सकाळी ९:२३

सातपैकी तीन.

अर्धाकप | १९ मे, सकाळी ९:३०

चहा संपला. दुसरा टाकतो.

गार्गी_स्टॉकहोम | १९ मे, दुपारी १२:४५

इथे स्वीडनमध्ये समुद्रकिनाऱ्यावर रुगोझा गुलाब माजलाय. फळं चेरी टोमॅटोएवढी, लालभडक. तो मूळचा पूर्व आशियातला, इथे बागेतून निसटला आणि आता त्याला तण म्हणून उपटतात. याच्या बियांना कुणी फ्रिज दाखवत नाही. पक्षी खातात, कुठेतरी टाकतात, बर्फाखाली हिवाळा काढतात आणि वसंतात उगवतात. काही तर एक हिवाळा सोडून दुसऱ्या हिवाळ्यानंतर. म्हणून कुंडीवाली, या वर्षी नाही उगवलं तरी माती फेकू नका.

अवांतर: या फळांचं गोडसर, दाट सूप इथे लोक घरोघरी पितात, नीपोनसोप्पा म्हणतात. सी जीवनसत्त्व भरपूर. महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री मिळेनात तेव्हा शाळकरी पोरांना कुंपणांवरची गुलाबफळं गोळा करायला धाडत आणि त्यांचं सरबत बाळांना देत. तीच पोरं आतली लव एकमेकांच्या सदऱ्यात टाकत. आपल्या खाजकुयलीचं चुलत भावंड म्हणा.

तेव्हा काकांची कोशिंबिरीची सूचना अगदीच टाकाऊ नव्हती. फक्त औषध मारलेल्या कुंडीतली फळं खाऊ नका.

कुंडीवाली | १९ मे, दुपारी १:३०

ह्यांना वाचून दाखवलं. दिवसभर "मी म्हणत होतो ना" चालू आहे. गार्गी, हे तुझ्यामुळे.

डबा_घेऊन | १९ मे, दुपारी ३:१०

धुताना मिक्सरमधून एक फेरा मारला तर गर पटकन सुटत नाही का?

शेवंती | १९ मे, दुपारी ३:१५

चटणीचं भांडं असेल तर माझी शपथ आहे. लव पात्यात अडकते. हातानेच करा, चार फळं तर आहेत.

सह्यकडा | १९ मे, दुपारी ४:४५

मी ऑनलाइन 'निळ्या गुलाबाच्या बिया' मागवल्या होत्या. हो, हसा. पाकिटावर निळाशार फोटो, पन्नास बिया, किंमत चहा-भज्यांएवढी. फ्रिज वगैरे काही नाही, पेरल्यावर चौथ्या दिवशी उगवल्या. तेव्हाच शंका यायला हवी होती. महिन्याभरात कळलं, राजगिरा आहे. भाजी मात्र चांगली झाली.

डोळस | १९ मे, सायंकाळी ६:३०

सह्यकडा, तुम्ही एकटे नाही. गुलाबात निळा रंग तयार करणारी यंत्रणाच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्सीच्या फुलाचं जनुक घालून 'अॅप्लॉज' नावाचा गुलाब काढला, २००९ मध्ये तिथे विक्रीला आणला. तोही निळा म्हणण्यापेक्षा फिकट जांभळाच. तेव्हा पाकिटात निळा, काळा, इंद्रधनुषी गुलाब दिसला की पुढे जायचं. नावाच्या जातीच्या गुलाबाचं बी म्हणून जे विकतात तेही तसंच. जात कलमाने टिकते, बीने नाही.

पाटलांचा_पोरगा | १९ मे, रात्री ९:००

मग भारतात कुणी बियांपासून नवे गुलाब काढतं का? की सगळं बाहेरचंच?

माळीबुवा | २० मे, सकाळी ७:३०

काढतं म्हणजे काय! डॉ. बी. पी. पाल घ्या. गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. दिवसा गव्हाचा तांबेरा, उरलेल्या वेळात गुलाब. 'डॉ. होमी भाभा', 'दिल्ली प्रिन्सेस' हे त्यांचे. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन, सनदी अधिकारी. नोकरी सोडून गुलाबात रमले. त्यांचं म्हणणं असं की आपण थंड देशांतले गुलाब आणून उन्हात भाजतो, त्यापेक्षा आपल्याकडचे रानगुलाब संकरात घ्या. ईशान्येकडचा जायगॅन्टिया, पाण्याकाठी वाढणारा क्लिनोफिला, हे त्यांनी वापरले. उष्ण हवेचा गुलाब, ही खरी दिशा.

(आणि हो, मीच बियांचा नाद सोडा म्हणालो होतो. कुणी आठवण करून देऊ नये.)

शेवंती | २० मे, सकाळी ८:००

नोंद घेतली आहे.

डोळस | २० मे, सकाळी ११:२०

पाटील, फांदी सोडणारच असाल तर परागीकरण हाताने करा, बाप कोण ते तरी कळेल. कळी उमलायच्या आदल्या दिवशी पाकळ्या आणि पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी मधला भाग जरा चिकट दिसला की ज्याचे परागकण हवेत ते ब्रशने लावायचे. वर बटर पेपरची पिशवी, देठाला चिठ्ठी: आई, बाप, तारीख. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. बॉलपेन पहिल्या फवारणीत जातं आणि मग सगळेच अनौरस.

पन्नास-साठ पाकळ्यांचं भरगच्च फूल आई म्हणून घेऊ नका. त्यातल्या पुष्कळ पाकळ्या म्हणजे रूप बदललेले पुंकेसरच. फळ धरेलच असं नाही.

कुंडीवाली | २४ मे, दुपारी २:५०

फळं तोडली, फोडली. चार फळांत मिळून ३१ बिया. खाज सुटली, हातमोजे विसरले होते. पाण्यात टाकल्या तर २२ बुडाल्या, ९ तरंगल्या. तरंगलेल्या फेकू का?

शेवंती | २४ मे, दुपारी ३:१०

पोकळ असतात बहुतेक. पण फेकू नका, वेगळ्या पुडीत ठेवा. माझी तरंगती बीसुद्धा एकदा उगवली आहे.

डोळस | २४ मे, दुपारी ३:४०

यावर मी आणि शेवंती एकमत आहोत. तारीख लिहून ठेवा.

कुंडीवाली | २२ ऑगस्ट, सायंकाळी ७:००

धागा वर काढते. शेवंतीचं ऐकून सुकवून डबीत ठेवल्या होत्या (डोळस, माफ करा, कुजण्याची भीती वाटली). आज चोवीस तास भिजवून टिश्यूत गुंडाळल्या. टिश्यू किती ओला हवा?

डोळस | २२ ऑगस्ट, रात्री ८:१५

पिळून थेंब पडता कामा नये. दर आठवड्याला पिशवी उघडून वारा द्या. पांढरी बुरशी दिसली तर पुन्हा पेरॉक्साइड, नवा टिश्यू. आणि पिशवीवर नाव घाला. माझ्या बिया बायकोने 'मेथी भिजत घातली होती वाटतं' म्हणून थालिपीठाच्या पिठात टाकल्या होत्या.

नागपुरी_तडका | २२ ऑगस्ट, रात्री ९:००

थालिपीठ उगवलं का?

कुंडीवाली | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

३ नोव्हेंबरला पिशवी उघडली तर दोन बियांना पांढरं मूळ फुटलेलं! किंचाळले. ह्यांना वाटलं पाल पडली. कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी करून पेल्यांत सगळ्या पेरल्या, अर्धा-पाऊण सेंटिमीटर खोल. आज दोन गोल दलं (बीतली पहिली पानं) वर आली आहेत.

सह्यकडा | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:००

पुन्हा राजगिरा तर नाही ना? हलके घ्या.

माळीबुवा | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

वरून पाणी ओतू नका, पेला थाळीतल्या पाण्यात ठेवून खालून पिऊ द्या. या वयात रोपं बुंध्याशी बारीक होऊन कोलमडतात आणि मग काही उपाय नसतो. वारा खेळता ठेवा. खत चार पानं आल्याशिवाय नाही.

आणि काड्यांचं काय झालं?

कुंडीवाली | ९ नोव्हेंबर, दुपारी १:०५

ऑक्टोबरच्या छाटणीतल्या सहा पेन्सिलीएवढ्या काड्या लावल्यात. हिरव्या आहेत, अजून भरवसा नाही.

कुंडीवाली | १९ जानेवारी, सकाळी ९:१५

हिशेब देते. ३१ पैकी ६ उगवल्या: बुडालेल्यांतल्या ५, तरंगलेल्यांतली १ (शेवंती!!). दोन कोलमडल्या. चार उभ्या आहेत. एकीला भुरी (पानांवर पांढरी बुरशी) आली होती, आता बरी आहे. आणि आज वीतभर रोपावर पहिलं फूल उमललं. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, पाच पाकळ्या, फिकट गुलाबी, मध्ये पिवळे केसर. आईशी काडीचं साम्य नाही. वास मात्र आहे. नाक अगदी टेकवलं की येतो.

डोळस | १९ जानेवारी, सकाळी ९:४०

अभिनंदन! पहिल्या फुलावरून ठरवू नका. पाकळ्यांची संख्या आणि आकार पुढच्या बहरांत वाढतो, काही वेळा दुप्पट. वर्षभर थांबा. एवढ्या लवकर फुललं म्हणजे वर्षभर फुलणारा आहे, एकदाच फुलणारे दोन-तीन वर्षं पानंच दाखवतात.

माळीबुवा | १९ जानेवारी, सकाळी १०:१०

छान. काड्या?

कुंडीवाली | १९ जानेवारी, सकाळी १०:३०

सहापैकी दोन जगल्या. बहिणी तीन. मोठ्या दोघींना काडीची रोपं, हाच लाल गुलाब. धाकटीला म्हटलं, पुढच्या वर्षी देते, नाहीतर हे बीचं घे, पण काय होईल सांगता येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे नेहमीसारखं उरलेलं मला." आणि घेऊन गेली. फूल होतं तेच रोप.

अर्धाकप | १९ जानेवारी, सकाळी ११:००

मग नाव ठरलं. 'उरलेला'.

गार्गी_स्टॉकहोम | १९ जानेवारी, दुपारी ४:२०

+१. अगदी नोंदणी करण्यासारखं नाव आहे.

पाटलांचा_पोरगा | २० जानेवारी, रात्री १०:०५

इकडे माझ्या सोडलेल्या फांदीला दोन फळं धरली आहेत. आबांनी पाहिली. बोलले काही नाहीत, पण आज कापणीच्या वेळी मजुराला म्हणाले, "ती फांदी सोड." फळं अजून हिरवीगार आहेत. व्हॅलेंटाइनच्या कापणीच्या गडबडीत कुणीतरी उडवेल अशी भीती वाटते. आत्ताच तोडून घरात पिकवली तर चालतील का?

डोळस | २० जानेवारी, रात्री १०:१२

नाही. लाल कापड बांधा आणि थांबा.